मूळ वेग

त्याने चौकटीत एकशे बाराचा आकडा टाकला आणि एंटर दाबलं. धुतल्यावर कापड आटावं तशी पडद्यावरची हिरवी पट्टी जराशी आखडली. पंधरा सेकंद मागे जाऊन त्याने ऐकून पाहिलं. मावशींचा आवाज कानात आला, खणखणीत आणि वळणदार, प्रत्येक शब्द सुटा. फक्त श्वास बिघडले होते. वेग वाढवला की आधी श्वास चुगली करतात. ते तोकडे होतात आणि वाचणारा माणूस नुकताच जिना चढून आल्यासारखा वाटतो. त्याने एकेक श्वास हुडकून कापला आणि त्या जागी मूळ वेगातला पुरा श्वास आणून बसवला. शेवटचा श्वास जागेवर बसतोय तोच दार लोटून मावशी आत आल्या. त्याने वेगाची चौकट घाईने बंद केली.

"झालं का रे एकोणिसावं?"

"झालंच. पाठवतो तुमच्या फोनवर."

मावशी खुर्ची ओढून टेकल्या. डावा हात त्यांनी पर्सखाली दाबून धरला होता. तो हात हल्ली स्वस्थ बसत नसे.

"मंगळवारी वाचताना मी... जरा रेंगाळले का?" त्यांनी विचारलं. एवढं वाक्य पुरं व्हायलाही वेळ लागला.

"छे हो."

"तोंडदेखलं बोलू नकोस. एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलीत मी. 'हो, हो, येतंय ऐकू' असं जो घाईघाईने म्हणतो ना, त्याला काहीएक ऐकू येत नसतं."

तो हसला. "मावशी, आवाज अगदी पूर्वीसारखा आहे."

त्यांचा चेहरा उजळला. तो पुन्हा पडद्याकडे वळला आणि उगाचच माउस इकडेतिकडे फिरवत राहिला.

अंध वाचकांसाठी बोलती पुस्तकं तयार करणारी ती एक लहानशी संस्था होती. वरच्या मजल्यावर दोन खोल्या, मध्ये जाड काच. काचेच्या अलीकडे हा, संस्थेचा एकुलता एक ध्वनिसंपादक, आणि पलीकडे दर मंगळवारी मावशी. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर त्या आपणहून वाचायला आल्या, त्याला सहा वर्षं झाली होती. एका ट्रंक कॉलमध्ये तीन गावं जोडताना कमावलेला तो आवाज होता. श्रोते फोन करून विचारत, "त्या बाईंचं नवीन काही आलं का?" यंदा त्यांनी बत्तीस प्रकरणांची एक जाडजूड कादंबरी वाचायला घेतली होती. आठवड्याला एक प्रकरण, तयार होताच श्रोत्यांकडे जाणारं.

पाचव्या प्रकरणात पहिल्यांदा त्याच्या लक्षात आलं. पानं तेवढीच होती, पण रेकॉर्डिंग लांबलं होतं. कुठे अडखळणं नव्हतं, चूक नव्हती. दोन शब्दांमधली जागा तेवढी रुंदावली होती. तो बराच वेळ त्या पट्टीकडे बघत बसला. आदल्या वर्षी संस्थेत एक वयस्कर प्राध्यापक वाचायला येत. एके दिवशी मॅडमनी, म्हणजे संस्थेच्या प्रमुखांनी, सगळ्यांसमोर "सर, आता तुम्ही आराम करा" म्हणून त्यांना फुलं दिली. त्यानंतरही दोन मंगळवार ते आले, बाहेरच्या बाकावर बसून वर्तमानपत्र वाचलं आणि निघून गेले. त्या बाकावर मावशी बसल्याचं चित्र त्याच्या डोळ्यांसमोर आलं आणि त्याने चौकटीत एकशे चार लिहिलं. 'स्वराची पट्टी कायम ठेवा' या ओळीपुढे खूण केली, म्हणजे आवाज चिरका होत नाही. चार टक्के म्हणजे काय, डाळीत चिमूटभर मीठ. कुणाचं काही बिघडलं नाही.

अकराव्या प्रकरणापर्यंत सात टक्के झाले. पंधराव्याला नऊ.

आणि खरं सांगायचं तर त्याला यात मजा वाटू लागली होती. श्वास बदलायचे, 'स' आणि 'श' यांचा पत्र्यासारखा होणारा आवाज मऊ करायचा, विराम मोजून बसवायचे. कसलेल्या रफूगाराच्या हाताखालून गेलेली शाल उलटसुलट करून बघावी, तसा तो प्रकरण पूर्ण झालं की डोळे मिटून पुन्हा ऐकायचा. मॅडम एकदा म्हणाल्या, "वय वाढतंय तशा मावशी खुलतच चालल्यात," तेव्हा त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. हे मात्र तो कुणाला सांगू शकत नव्हता.

बाविसावं प्रकरण पाठवल्यानंतरच्या मंगळवारी मावशी बिस्किटांचा पुडा घेऊन आल्या. काचेच्या पलीकडे न जाता त्याच्याच टेबलाशी बसल्या आणि पुडा फोडून त्याच्यापुढे सरकवला.

"घे. आज मी खुशीत आहे."

"काय विशेष?"

"काल डॉक्टरकडे गेले होते. हाताचं, त्या कंपवाताचं दाखवायला. लेक मुद्दाम रजा काढून आली होती. आली ती डॉक्टरला सांगायला लागली, आई बोलते हळू, फोनवर वाक्य संपायची वाट बघावी लागते, चालते हळू, अमुक आणि तमुक. जशी काही मी... तिथे नाहीच." मावशी मध्येच थांबल्या, शब्द गोळा केले आणि पुन्हा सुरू झाल्या. "डॉक्टरांनी विचारलं, बोलणं पहिल्यापासून असं का? मी म्हटलं, टेलिफोनवाली आहे मी, सावकाशच बोलते. आणि पुरावा हवा तर पुरावा देते. काढला फोन. तुझं दुसरं प्रकरण लावलं, मग बाविसावं लावलं. पाच महिन्यांचं अंतर. म्हटलं, सांगा फरक."

तो बिस्किट हातात धरून बसला होता.

"मग?"

"मग काय! दोघांचीही तोंडं बंद. डॉक्टरांनी घड्याळ लावून ऐकलं बरं का. म्हणाले, वाचण्यात तर काहीच फरक नाही. घरी सैल बोलत असाल, पण आजार पुढे सरकलेला दिसत नाही. औषध जरा जड आहे, ते आत्ताच नको. सहा महिन्यांनी या." मावशींनी स्वतःसाठी एक बिस्किट उचललं. "लेक परतीच्या वाटेवर एक अक्षर बोलली नाही. मग म्हणाली, सॉरी आई."

खिडकीबाहेर कुणीतरी जिन्यावरून सायकल उतरवत होतं. प्रत्येक पायरीला चाक आपटत होतं. तेवढा वेळ पुरे होता. 'मावशी, ते रेकॉर्डिंग खरं नाही,' एवढंच म्हणायचं होतं. पाच शब्द. त्याने तोंड उघडलं.

"वा," तो म्हणाला. "छानच झालं की."

आणि हातातलं बिस्किट तोंडात घातलं. ते गिळताना घशात अडकलं, तर मावशींनीच उठून त्याला पाणी दिलं.

त्या दिवसापासून तो रोज ठरवायचा. आज मंगळवार आहे, आज सांगू. आज त्यांचा खोकला वाढलाय, पुढच्या वेळी. मॅडम बाहेरगावी आहेत, त्या आल्या की दोघींना एकदमच. एकदा तर त्याने त्यांच्या घरचा नंबर लावला, पलीकडून "हॅलो, बोला" असं त्यांच्या जुन्या नोकरीतल्या थाटात ऐकू आलं, आणि त्याने विचारलं, "मावशी, तुमचा चष्मा इथे राहिलाय का?" चष्मा त्यांच्या नाकावर होता. त्या हसल्या. दरम्यान तेवीस, चोवीस, पंचवीस अशी प्रकरणं येत राहिली आणि तो आकडा वाढवत राहिला, कारण मध्येच थांबला असता तर कळलं असतं. सत्ताविसाव्याला तो एकशे अठरावर पोचला. या वेगाला श्वास बदलूनही भागत नाही. आवाजाला पातळ धातूसारखी झाक येते. ती झाकायला त्याला दोन दिवस लागले. या वेळी त्याने डोळे मिटून ऐकलं नाही.

पुढच्या मंगळवारी मावशी आल्या नाहीत. दुपारी त्यांची लेक आली.

त्याने तिला फोटोतच पाहिलं होतं. दुसऱ्या शहरात ती एका प्रयोगशाळेत कामाला होती. चाळिशीची, चेहऱ्यावर प्रवासाचा शीण. ती दारातच उभी राहून म्हणाली, "आईची उशी आणि पुस्तक न्यायचं होतं. खुर्चीवर ठेवते ना ती, ती उशी."

"मावशी?"

"रविवारी पडली. स्वयंपाकघरातून बाहेर येत होती, पाऊलच उचललं गेलं नाही म्हणते. उजवं मनगट मोडलंय. प्लास्टर घातलंय."

तो उठून उभा राहिला आणि का उठलो ते न कळून पुन्हा बसला.

लेक काचेपलीकडे गेली, उशी घेऊन आली, आणि निघायचं सोडून तिथेच घुटमळली. उशीच्या शिवणीतला एक धागा ती बोटाभोवती गुंडाळत होती.

"तुम्हाला एक विचारू? तुम्ही दर आठवड्याला ऐकता तिला. इतक्या बारकाईने दुसरं कुणीच ऐकत नाही. मला फोनवर ती हळू वाटायची. भांडले मी तिच्याशी. मग तिने तुमची रेकॉर्डिंग ऐकवली आणि मी गप्प बसले. म्हटलं, मीच उतावीळ झालेय, कामाच्या घाईत आईचं वाक्य संपेपर्यंत मला धीर निघत नाही." ती थांबली. "रात्रंदिवस लाज वाटत होती मला त्याची. पण आता ती पडली, तर मला पुन्हा... तुम्हाला काय वाटतं?"

समोर उभ्या असलेल्या बाईने त्याच्या वाटणीची लाज सव्वा महिना वागवली होती. त्याने सत्ताविसावं प्रकरण उघडलं, पट्टीवर टिचकी मारली आणि वेगाची चौकट तिच्यासमोर आणली.

"हे काय?"

"मी वेग वाढवत होतो. पाचव्या प्रकरणापासून. हा एकशे अठरा. मूळ वेग शंभर."

तिला कळायला क्षणभर लागला. मग ती इतक्या हलक्या आवाजात बोलली की त्याला पुढे वाकावं लागलं.

"म्हणजे डॉक्टरांनी घड्याळ लावून जे ऐकलं..."

"हो."

ती ओरडेल असं त्याला वाटत होतं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने उशी छातीशी धरली, पुस्तक पर्समध्ये टाकलं आणि दाराशी पोचल्यावर वळून म्हणाली, "आईला मी सांगणार नाही. तुम्ही सांगायचं. उद्याच. आणि ते मशीन घेऊन या, नुसतं तोंडाने सांगितलंत तर तिला पटायचं नाही. तिचा तुमच्यावर फार विश्वास आहे."

दुसऱ्या दिवशी तो लॅपटॉप घेऊन गेला. मावशी खिडकीपाशी बसल्या होत्या, प्लास्टरचा हात उशीवर ठेवून. लेकीने दार उघडलं, चहा आणून ठेवला आणि ती आत गेली. आत नळ सुरू झाला.

"ये, बस. ही कालपासून तोंडाला कुलूप लावून फिरतेय," मावशी म्हणाल्या. "तेव्हाच ओळखलं मी, काहीतरी शिजतंय. बोल. पुस्तक दुसऱ्या कुणाला दिलं का?"

वाटेत त्याने चार वाक्यं घोकली होती. त्यातलं एकही जागेवर नव्हतं.

"मावशी, तुमच्या रेकॉर्डिंगचा वेग मी वाढवत होतो. संगणकात. तुम्ही जसं वाचलंत तसं ते नाहीये."

"किती वाढवत होतास?"

'का' असं त्या आधी विचारतील म्हणून तो तयारीत होता.

"आधी चार टक्के. मग वाढत गेलं. शेवटच्याला अठरा."

मावशींनी खिडकीबाहेर पाहिलं. मग म्हणाल्या, "ऐकव."

त्याने सत्ताविसावं प्रकरण लावलं. दोन वाक्यं झाली असतील.

"हे नको. हे ऐकलंय मी. माझं ऐकव."

त्याने शंभराचा आकडा टाकला. पट्टी लांबत पडद्याबाहेर गेली. बदललेले श्वास, मऊ केलेली अक्षरं, सगळं त्याने एकेक करून बाजूला केलं आणि मूळ रेकॉर्डिंग सुरू केलं.

'ती... दाराशी येऊन... थांबली. आतून... कुणाचा तरी... आवाज येत होता.'

मावशींचे ओठ त्याबरोबर हलत होते, आणि काही शब्दांवर ते आवाजाच्या आधी पोचत होते. पोचून वाट बघत होते. दोन-तीन मिनिटांनी त्याने थांबवण्यासाठी हात पुढे केला.

"असू दे," त्या म्हणाल्या.

प्रकरण एकूण छत्तीस मिनिटांचं होतं. ते त्यांनी पूर्ण ऐकलं. त्यालाही ऐकावं लागलं, त्यांच्यासमोर बसून, हात मांडीवर ठेवून. चहावर साय धरली. आतला नळ कधीच बंद झाला होता, पण लेक बाहेर आली नाही.

आवाज संपल्यावर मावशी म्हणाल्या, "मी तुला विचारलं होतं."

"हो."

"एकदा नाही. दर वेळी विचारलं होतं."

"हो, मावशी."

"मॅडमनी करायला सांगितलं?"

"नाही. त्यांना माहीतही नाही. मीच... तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून..." वाक्य अर्ध्यावर आलं तेव्हाच ते किती पोकळ आहे हे त्याला ऐकू आलं आणि तो थांबला.

"मला वाईट वाटायला हवं होतं रे," मावशी म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. एकेक शब्द सावकाश येत होता, आणि या वेळी तो आजाराने येत होता की त्या तोलून टाकत होत्या, ते कळत नव्हतं. "सहा महिन्यांपूर्वी वाटलं असतं, तर... त्याचा काही उपयोग तरी होता."

माफी मागायला म्हणून त्याने तोंड उघडलं, पण मावशींनी प्लास्टरचा हात किंचित उचलून त्याला थांबवलं.

"ते नंतर. हे आकडे त्यात आहेत ना अजून? कोणत्या प्रकरणाला किती?"

"आहेत. सगळे आहेत."

"माझा उजवा हात हा असा, आणि डावा बिनकामाचा. तू लिही. तारीख, प्रकरण, आकडा. समोरच्या खणात कागद आहे."

त्याने लिहायला घेतलं. एकेक प्रकरण उघडायचं, चौकट बघायची, लिहायचं. चार. चार. पाच. पाच. सहा. मावशी कागदाकडे बघत नव्हत्या, पण तो मध्येच थबकला की "पुढे" म्हणत होत्या. तेवीस ओळी झाल्या. तेवढ्यात ते आकडे काय आहेत हे त्याला उमगलं. दर आठवड्याला त्याने त्यांचा आजार इंचाइंचाने मोजला होता, काटेकोर, एकाही आठवड्याचा खाडा न करता, आणि मोजून लपवला होता.

चार दिवसांनी लेकीचा फोन आला.

"औषध सुरू केलंय. तुमचा कागद दाखवला डॉक्टरांना. म्हणाले, अशी बारीक नोंद आम्ही घरच्यांकडे मागून मागून थकतो, कुणी ठेवत नाही. ज्यांनी ठेवली त्यांना आमचे आभार सांगा."

त्याने फोन दुसऱ्या कानाला घेतला.

"नोंद कशी झाली, ते सांगितलंत त्यांना?"

"रेकॉर्डिंग खरं नव्हतं, एवढं सांगितलं. कुणी केलं ते आईने सांगू दिलं नाही."

"सांगायला हवं होतं."

"मलाही तसंच वाटत होतं."



"औषध आधी सुरू झालं असतं तर त्या..."

"तेही विचारलं मी. पडल्या नसत्या असं छातीठोक सांगता येणार नाही म्हणाले." ती थांबली. "पडल्याच असत्या, असंही म्हणाले नाहीत."

त्याच दुपारी तो मॅडमच्या खोलीत गेला आणि सगळं सांगितलं. मॅडम आधी हबकल्या, मग चिडल्या. श्रोत्यांना आपण काय तोंड दाखवायचं, असं दोनदा म्हणाल्या. शेवटी चष्मा काढून त्यांनी विचारलं, "मला एका शब्दाने बोलला का नाहीत? मी काय केलं असतं असं वाटलं तुम्हाला?"

तो कसाबसा म्हणाला, "प्राध्यापक सरांसारखं. फुलं देऊन."

मॅडमनी चष्मा टेबलावर ठेवला. "अहो, सर स्वतः आले होते माझ्याकडे. दम पुरत नाही, मोठ्याने वाचवत नाही, पण आपणहून सोडलं असं व्हायला नको, तुम्हीच सांगा मला थांबायला, म्हणाले. त्यांच्या सांगण्यावरून बोलले मी. त्या बाकावरही ते हौसेने येऊन बसायचे. घरी करमत नाही म्हणून."

त्याला बसावंसं वाटलं. मॅडमनी बसा म्हटलं नाही.

पुढचे दहा दिवस तो केलेलं काम उलटं करत होता. एकशे अठराचे शंभर, एकशे पंधराचे शंभर. तेवीस प्रकरणं मूळ वेगावर आली तेव्हा कादंबरी एक तास नऊ मिनिटांनी वाढली होती. मॅडमनी ग्रंथालयातल्या जुन्या प्रती मागे घेतल्या आणि श्रोत्यांना पत्र पाठवलं. एकाही श्रोत्याची तक्रार आली नाही. एकीने फोन करून एवढंच विचारलं, "त्या बाईंची तब्येत बरी आहे ना?"

प्लास्टर निघाल्यावर मावशी आल्या. औषधाने चालण्यात थोडा फरक पडला होता, वाचण्यात फारसा नाही. उरलेली पाच प्रकरणं मीच वाचणार, असं त्यांनी मॅडमना सांगितलं होतं आणि मॅडमनी हो म्हटलं होतं. त्याच्याशी त्या नीट बोलत. पाणी मागत, पंखा बंद करायला सांगत, कुणीतरी चुकीचा नंबर लावून तासभर भांडल्याच्या जुन्या गोष्टीही सांगत. पण वाचन संपलं की त्या त्याच्या खुर्चीपाशी येत, हेडफोन मागून घेत आणि स्वतः ऐकत. ऐकताना डोळे पडद्यावर, वेगाच्या चौकटीवर. मग हेडफोन काढून ठेवत आणि "येते हं" म्हणून जात. त्या जिना उतरेपर्यंत त्याला दुसऱ्या कशाला हात लावता येत नसे.

बत्तिसावं प्रकरण एका पावसाळी सकाळी संपलं. पुस्तकाच्या शेवटी वाचकाने आपल्याच आवाजात तीन ओळी वाचायच्या, अशी संस्थेची पद्धत होती: पुस्तक कुणाचं, वाचलं कुणी, ध्वनिसंपादन कुणाचं. मॅडमनी तो कागद टाइप करून आदल्या दिवशीच पाठवला होता. त्याने तो न बघताच मावशींच्या टेबलावर ठेवला. माझं नाव वगळा, असं सांगायचं त्याच्या मनात होतं. पण ते सांगणंही स्वतःचं काहीतरी पदरात पाडून घेण्यासारखं वाटलं, म्हणून तो बोलला नाही.

काचेपलीकडे मावशींनी चष्मा नीट केला. लाल दिवा लागला.

त्यांनी पुस्तकाचं आणि लेखकाचं नाव वाचलं. मग "वाचन" म्हणून स्वतःचं पूर्ण नाव, सावकाश, प्रत्येक अक्षर सुटं करून. मग म्हणाल्या, "ध्वनिसंपादन."

आणि थांबल्या.

पडद्यावर हिरवी रेघ सपाट होऊन पुढे सरकत राहिली. एक सेकंद. दोन. काचेपलीकडे मावशी कागदाकडे बघत होत्या. तीन. डावा हात टेबलाच्या कडेवर थरथरत होता. चार. हेडफोनमध्ये त्याला त्यांचा श्वास ऐकू येत होता, आत गेलेला आणि बाहेर न पडलेला. पाच.

मग त्यांनी त्याचं नाव वाचलं. नाव आणि आडनाव, इतर दोघांची वाचली तशीच, ना कमी ना जास्त.

दिवा विझला. त्याने बोलायचं बटण दाबलं. मावशींचाच आवाज आला.

"मध्ये जरा थांबले मी. पुन्हा घ्यायचं का?"

"तुम्ही सांगाल तसं, मावशी."

त्यांनी चष्मा काढला, डबीत ठेवला. डबीचं झाकण एका हाताने लागेना, तेव्हा ती छातीशी धरून लावली. मग काचेतून त्याच्याकडे पाहिलं. कितीतरी आठवड्यांनी, सरळ.

"राहू दे तसंच," त्या म्हणाल्या.

त्याने फाइल जतन केली.